डोळ्यांतले पाणी आणि पोटातले जंतू

डोळ्यांत पाणी आले की माणूस दुःखी आहे हे चारचौघांना कळते. पण ज्याच्या डोळ्यांतले पाणीच आटले, त्याचे दुःख कोणाला दिसत नाही. डोळे चुरचुरतात, वाळूचा कण गेल्यासारखे खुपतात, सकाळी पापण्या उघडवत नाहीत, आणि समोरचा म्हणतो, "डोळे तर चांगले दिसतात!" आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. मावळातील एका कारखान्यात अशी तक्रार करणाऱ्या बाईला कामचुकार ठरवलेले आम्ही पाहिले आहे. तिचे तोंडही कोरडे पडे, भाकरीचा घास पाण्यावाचून उतरत नसे, बोटांचे सांधे धरत. तीन दुखणी म्हणजे तीन बहाणे, असा हिशेब वरिष्ठांनी मांडला. हा हिशेब खोटा कसा, तो खोटा आहे हे जगाला केव्हा कळले, आणि त्यात पोटातल्या जंतूंचा संबंध कोठून आला, हा इतिहास श्रोत्यांपुढे ठेवावयाचा आहे. आम्ही वैद्य नाही, पदवीधरही नाही. वाचून आणि जाणत्यांना विचारून जे समजले तेवढे सांगतो.

प्रथम डोळ्यांकडे वळू. १९०३ साली ओटो शिर्मर या जर्मन नेत्रवैद्याने अश्रू मोजण्याची एक साधी युक्ती काढली. खालच्या पापणीत टिपकागदाची अरुंद पट्टी अडकवायची आणि पाच मिनिटांत ती किती ओली होते ते पाहायचे. पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली, तर अश्रू फारच कमी आहेत असे समजावे. पुढे १९३३ साली स्वीडनमधील हेन्रिक श्योग्रेन या नेत्रवैद्याने आपला प्रबंध सादर केला. त्यात त्याने १९ स्त्रियांची प्रकरणे मांडली होती. डोळे कोरडे, तोंड कोरडे, आणि १९ पैकी १३ जणींना सांध्यांचा विकार. ही निरनिराळी दुखणी नसून एकाच रोगाची अंगे आहेत, असे त्याचे म्हणणे. परीक्षकांनी प्रबंधाची फारशी कदर केली नाही. १९४३ साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि मग जगाने त्याचे नाव त्या रोगाला दिले.

या रोगात घडते ते असे. परक्या जंतूंशी लढण्यासाठी शरीर रक्षक पेशींचे सैन्य बाळगते. तेच सैन्य आपल्या अश्रुग्रंथींना आणि लाळग्रंथींना शत्रू समजून त्यांच्यावर चालून जाते. कुंपणाने शेत खावे, तसा हा प्रकार. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो कितीतरी अधिक आढळतो. डोळे कोरडे पडलेल्या प्रत्येकाला हाच रोग असतो असे मात्र नव्हे. वय, वातानुकूलित खोलीतील कोरडी हवा, पडद्याकडे टक लावून पापणी कमी लवणे, ही कारणे पुष्कळ अधिक सामान्य आहेत.

आता पोटाकडे येऊ. त्यासाठी मुंबईवरून गेले पाहिजे. १८९६ साली मुंबईत प्लेग उसळला. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्याच वर्षी फेब्रुवारीत प्लेगने गेले. ज्या पिढीने असे मृत्यू पाहिले, तिला जंतू म्हणजे वैरी एवढेच ठाऊक असावे, यात नवल नाही. पण ओडेसा येथे हाफकिन यांना शिकवणारे एली मेच्निकॉफ पुढे पॅरिसमध्ये वेगळेच बोलू लागले होते. रक्षक पेशींच्या शोधासाठी १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आतड्यातील काही जंतू विष निर्माण करतात, तर आंबवलेल्या दुधातील जंतू त्यांना आवर घालतात, असे त्यांचे मत होते. मित्रजंतूंची ही कल्पना मोठी होती. पण तिच्या मागून अतिरेकही आला. लंडनचे नामांकित शस्त्रवैद्य आर्बथनॉट लेन यांनी तर बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडी कापून काढण्याचा सपाटा लावला. मोजल्यावाचून मत बनवले की असे होते.

मोजण्याचा धडा आपल्या दाराशीच आहे. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. नौलीने पोट शुद्ध होते, असे साधक शतकानुशतके सांगत आले होते. स्वामीजींनी नौलीच्या वेळी आतड्यातील दाब यंत्राने मोजला, क्ष-किरणांखाली पाहिले आणि आत निर्वात स्थिती निर्माण होते हे दाखवून दिले. तिला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे, नाव दिले. परंपरेविषयी आदर असलेल्या माणसाने परंपरेला कसोटीवर चढवले, हे त्यांचे मोठेपण. मात्र त्यांनी मोजला तो दाब. जंतू मोजण्याची साधने त्या काळी नव्हती. म्हणून आतडे धुतले की अमुक रोग बरा होतो, असे दावे कोणी त्यांच्या पुण्याईवर खपवू नयेत.

जंतूंची मोजदाद आपल्या शतकात झाली. २०१६ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथील सिंतिया द पाइव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्योग्रेनच्या रोग्यांचे मल तपासले. ज्यांच्या आतड्यातील जंतूंचे वैविध्य कमी, त्यांचा रोग अधिक तीव्र असे दिसले. 'फिकॅलिबॅक्टेरियम' नावाचा एक उपयुक्त जंतू त्यांच्यात घटला होता. हा जंतू आपण खाल्लेल्या कोंड्यातून, भाजीच्या चोथ्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतो. त्यावर आतड्याचे अस्तर पोसले जाते आणि रक्षक पेशींना आवरणाऱ्या पेशींना बळ मिळते. २०१८ साली उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. या विकाराकडे जन्मतः कल असलेले उंदीर पूर्ण निर्जंतुक ठेवले, तेव्हा त्यांचे डोळे अधिक बिघडले. सामान्य उंदरांचे जंतू पोटात घातल्यावर सुधारले. त्याच वर्षी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने डोळ्याच्या आतील दाहाच्या रोग्यांतही आतड्यातील जंतूंचा तोल ढळल्याचे नोंदवले. आपल्या पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०१६ साली भारतीयांच्या आतड्यात 'प्रिव्होटेला' आणि 'मेगास्फेरा' हे जंतू विशेष असल्याचे दाखवले. तात्पर्य, परदेशी रोग्यांचे माप आपल्याला जसेच्या तसे बसेल असे धरून चालता येत नाही.

मग जंतू बिघडले म्हणून रोग झाला, की रोग झाला म्हणून जंतू बिघडले? लाळ आटली की माणूस कोरडे, कडक अन्न टाळतो. अन्न बदलले की जंतू बदलतात. प्रश्न अजून सुटलेला नाही. ताक आम्हांसही प्रिय आहे. पण ज्या जंतूविषयी आपण बोललो तो हवेचा स्पर्श होताच मरतो, तो ताकाच्या भांड्यात सापडावयाचा नाही. भाजी, कडधान्ये, कोंड्यासकट धान्य खावे, ते एकंदर प्रकृतीस हितकारक आहेच. परंतु त्यापायी डोळ्यांचे औषध सोडू नये, आणि वैद्याने न सांगता जंतुनाशक गोळ्या घेऊ नयेत.

आता आमच्या कामाची गोष्ट. लोखंड्यांनी १८८४ साली कामगारांचा अर्ज केला तो साडेपाच हजार सह्यांनिशी. विलायतेत काचभट्टीवरील कामगारांचा मोतीबिंदू भरपाईस पात्र ठरला, तो डॉक्टरांनी भट्टीवर जाऊन रोगी मोजल्यावर. आमच्या तळेगावास पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली निघाला, तो काळही हाच. मोजमाप हे गरिबाचे शस्त्र आहे. कारण मोजलेले नसते तेथे वरिष्ठाचा शब्द चालतो. हा रोग कारखान्याने दिला, असा आमचा आरोप नाही. पण टिपकागदाची पट्टी काही महाग वस्तू नव्हे. कामगार विम्याचा कायदा १९४८ साली झाला. त्याच्या दवाखान्यांत डोळे, तोंड आणि सांधे यांची तक्रार एकत्र घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईची ही चाचणी व्हावी आणि तिला योग्य तज्ज्ञाकडे पाठवावे. कामावर तिची जागा गार हवेच्या झोतापासून दूर असावी, हाताशी पाण्याची बाटली असावी, डोळ्यांत थेंब घालण्यापुरती उसंत मिळावी. एवढ्याने कोणाचे उत्पादन बुडत नाही.

आतड्यातील जंतूंचे कोडे शास्त्रज्ञ सोडवतील तेव्हा सोडवतील. बाईच्या शब्दावर विश्वास ठेवून पाच मिनिटे कागद भिजतो की नाही ते पाहणे, हे मात्र आजच करता येण्यासारखे आहे.