जुन्या ऑक्टाव्हिया आरएसला कोणत्या स्प्रिंग्ज बसवायच्या? इस्लामपूरच्या रस्त्यांचा हिशोब समजून घ्या

स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, होंडा सिटी व्हीटेक, फियाट लिनिया टी-जेट. एकेकाळी पोस्टरवर असलेल्या या सेडान आता सेकंड हँड बाजारात आवाक्यात आल्या आहेत. त्यातल्या दोन तर आपल्या महाराष्ट्रातच तयार व्हायच्या. ऑक्टाव्हिया छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा इथं आणि लिनिया पुण्याजवळच्या रांजणगावात.

२००४ मध्ये भारतात आलेल्या ऑक्टाव्हिया आरएसचं १.८ लिटरचं टर्बो इंजिन १५० हॉर्सपॉवरचं. गाडी आजही पळते. पण इतक्या वर्षांनी ती मागून बसलेली दिसते, वळणावर झुकते आणि स्पीड ब्रेकरला चेंबर लागतं. मग मालक रील्स बघतो आणि ठरवतो, "स्प्रिंग्ज बदलायच्या!"

पण कोणत्या? कंपनीच्या, कडक, की गाडी खाली बसवणाऱ्या? चुकीची स्प्रिंग निवडली तर पैसे जातातच, शिवाय ब्रेक मारताना चाक रस्त्यावर टिकत नाही. म्हणून हा विषय सोप्या भाषेत.

स्प्रिंग नेमकं काय काम करते?

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि चाक रस्त्याला चिकटून ठेवते. एकदा दबलेली स्प्रिंग पुन्हा पुन्हा वर-खाली होत राहते, ते थांबवण्याचं काम शॉकअपचं. म्हणजे गाडी किती दबणार हे स्प्रिंग ठरवते आणि किती वेळ डोलणार हे शॉकअप.

स्प्रिंगचा कडकपणा किलो प्रति मिलिमीटर किंवा न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये मोजतात. २५ न्यूटन प्रति मिलिमीटर म्हणजे साधारण अडीच किलो वजन टाकलं की स्प्रिंग १ मिलिमीटर दबणार.

हा कडकपणा तीन गोष्टींवर ठरतो.

- तारेची जाडी: तार १२ ऐवजी १३ मिलिमीटरची घेतली तर स्प्रिंग साधारण ३८ टक्के कडक होते. कारण इथं जाडीचा चौथा घात लागतो.
- वेटोळ्याचा व्यास: वेटोळं जितकं मोठं, तितकी स्प्रिंग मऊ.
- काम करणाऱ्या वेटोळ्यांची संख्या: वेटोळी कमी झाली की कडकपणा वाढतो.

जुनी स्प्रिंग मऊ होते का?

इथंच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. स्टीलचा कडकपणा वयानुसार फारसा बदलत नाही. वर्षानुवर्षं वजन पेलून स्प्रिंग 'बसते', म्हणजे तिची उंची कमी होते. पण दबण्याचं प्रमाण जवळपास तेच राहतं. तार गंजून बारीक झाली किंवा टोकाचं वेटोळं तुटलं, तर मात्र गोष्ट वेगळी.

म्हणून गाडी बसली असेल तर तिला कडक स्प्रिंग लागते असं नाही. त्याच मापाची नवी स्प्रिंग पुरते. आणि गाडी खड्ड्यानंतर दोन-तीन वेळा डोलत असेल तर आधी शॉकअप तपासा. बऱ्याचदा दोष स्प्रिंगवर ढकलला जातो आणि शॉकअप संपलेले असतात.

आधी मोजा, मग मागवा

यासाठी एक मोजपट्टी पुरते.

१. गाडी सपाट जागी उभी करा. डिकी रिकामी ठेवा, चारही टायरमध्ये योग्य हवा भरा.

२. गाडी जॅकवर घेतली असेल तर थोडी पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन जागेवर येऊ द्या.

३. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ उभं अंतर मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायर आणि हवेमुळे माप फसतं.

४. डावी-उजवी बाजू ताडून पाहा. फरक लक्षात येण्याइतका असेल तर एखादी स्प्रिंग तुटली आहे का ते बघा.

ऑक्टाव्हियासारख्या फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत आणखी एक सोय आहे. स्टेपनीच्या खड्ड्यात एक स्टिकर असतं. त्यावरच्या बारीक कोडमध्ये गाडी कारखान्यातून कोणत्या स्प्रिंग्ज घेऊन बाहेर पडली ते लिहिलेलं असतं. एकाच मॉडेलला इंजिन आणि वजनाप्रमाणे वेगवेगळ्या स्प्रिंग्ज असतात, त्यामुळे "ऑक्टाव्हियाची द्या" एवढं सांगून भागत नाही. स्प्रिंगवर रंगाचे ठिपके दिसत असतील तर त्यांचाही फोटो काढून ठेवा.

इस्लामपूरसाठी वेगळा हिशोब का?

कारण स्प्रिंग रस्ता बघून निवडायची असते. इस्लामपूरहून पेठ नाक्याला गेलात की पुणे-बेंगळुरू महामार्ग. दुसरीकडे आष्ट्यावरून सांगली. आणि मध्ये वाळवा तालुक्यातले गावरस्ते, जिथं गाळप हंगामात साखराळ्याच्या राजारामबापू कारखान्याकडे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. जड वाहतुकीनं डांबराला चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा खालून गाडीला घासतो.

आता स्पीड ब्रेकर बघू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीनुसार गोलाकार स्पीड ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. तो गाडीपेक्षा सावकाश चढतो. दोन चाकांमध्ये अडीच मीटर अंतर असलेली सेडान त्यावर आली तर चाकांच्या रेषेच्या वर तो जेमतेम ४६ मिलिमीटर येतो. काहीच लागत नाही.

पण गावात गल्लीच्या तोंडाशी टाकलेला अर्धा मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच ढिगारा? तो पूर्ण दोन चाकांच्या मध्ये मावतो. म्हणजे गाडीखाली पूर्ण १५० मिलिमीटर जागा हवी. तिथं ३० मिलिमीटर खाली बसवलेली गाडी हमखास घासणार.

गाडी खाली बसवली तर काय होतं?

समजा गाडी उभी असताना चाकाला वर जायला ८० मिलिमीटर जागा आहे. ३० मिलिमीटर खाली बसवलीत की उरली ५०. तोच धक्का ५० मिलिमीटरमध्ये पचवायचा तर ढोबळ हिशोबानं स्प्रिंग अडीच पट कडक लागेल. बाजारातल्या गाडी खाली घेणाऱ्या स्प्रिंग्ज इतक्या कडक नसतात आणि असल्या तर गाडीत बसवणार नाही. मग उरलेला धक्का बंप स्टॉपवर, स्ट्रट माउंटिंगवर आणि शेवटी चेसिसवर जातो.

म्हणून आयबाख किंवा एच अँड आरसारख्या जर्मन कंपन्यांच्या स्प्रिंग्ज चांगल्या असल्या, तरी त्या गुळगुळीत रस्ते गृहीत धरून केलेल्या असतात. त्या बसवायच्याच असतील तर सोबत त्यांना साजेसे आखूड शॉकअप हवेत.

कडक म्हणजे किती कडक?

गाडी वर-खाली डोलण्याचा वेग हर्ट्झमध्ये मोजतात. आरामदायी गाड्या साधारण १ ते १.३, तर स्पोर्टी गाड्या १.५ च्या आसपास आणि पुढे.

एक उदाहरण घेऊ. पुढच्या एका चाकावर ३५० किलो वजन आणि चाकाशी २३ न्यूटन प्रति मिलिमीटर कडकपणा असेल तर गाडी साधारण १.३ हर्ट्झवर डोलते. तिथं २५ टक्के कडक स्प्रिंग टाकली तर आकडा १.४५ होतो. वळणावर फरक जाणवतो, पाठही वाचते. रोजच्या गाडीला यापुढे जाण्यात फायदा कमी.

मागच्या बाजूला भार विसरू नका. मागच्या सीटवर आणि डिकीत मिळून १५० किलो जास्त आले, मागच्या चाकांवर प्रत्येकी ७५ किलो पडले आणि चाकाशी कडकपणा २० असेल, तर मागची बाजू ३७ मिलिमीटर खाली जाते. लग्नसराईत पाच जण घेऊन पुण्याला जाणाऱ्या गाडीला हे रोजचंच.

दोन 'जुगाड' जे टाळायचे

वेटोळं कापणं: सहापैकी एक वेटोळं कापलं तर स्प्रिंग २० टक्के कडक होते आणि आखूडही. गाडी जॅकवर घेतली की ती जागेवर सैल पडते. मोठ्या खड्ड्यात चाक लोंबलं की स्प्रिंग निसटू शकते. गॅसनं तापवून बसवणं तर त्याहून वाईट, कारण स्टीलची ताकदच जाते.

वेटोळ्यात रबर घालणं: गाडी उंच दिसते. पण रबरानं अडवलेलं वेटोळं काम करायचं थांबतं आणि सगळा ताण उरलेल्या वेटोळ्यांवर येतो.

बसवताना काय बघायचं?

- स्प्रिंग्ज जोडीनंच बदला. पुढच्या दोन्ही किंवा मागच्या दोन्ही.
- सोबत स्ट्रट माउंटिंग, बंप स्टॉप आणि स्प्रिंगखालचं रबर नवं घाला. मजुरी एकदाच पडते.
- स्प्रिंग दाबायला योग्य कॉम्प्रेसर हवा. दोरी किंवा तार बांधून काम करणाऱ्याकडे गाडी देऊ नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो.
- लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना कसायला सांगा. हवेत लोंबत असताना कसले तर बुश पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.
- शेवटी चाक उचलून स्प्रिंग हातानं हलवून बघा. ती सैल नसावी. मग अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा तपासा.

कायदा काय सांगतो?

कंपनीच्या मापाची नवी स्प्रिंग ही दुरुस्ती आहे, बदल नाही. पण गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळ रचनेला धक्का लावणारे बदल चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. १५ वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओसमोर उभी करावी लागते, हेही लक्षात ठेवा. गाडीची उंची बदलणार असाल तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा.

थोडक्यात, कोणी काय घ्यावं?

- रोज आष्टा-सांगली आणि गावरस्ते: कंपनीच्या मापाच्या नव्या स्प्रिंग्ज आणि नवे शॉकअप.
- महामार्ग, खंबाटकी किंवा आंबा घाटाची आवड: मूळ उंचीच्याच, पण १५ ते २५ टक्के कडक स्प्रिंग्ज आणि त्यांना जुळणारे शॉकअप.
- फक्त ट्रॅक आणि शोसाठी: खाली घेणारा पूर्ण संच. अर्धा संच नको.
- बजेट कमी: आधी शॉकअप आणि बुश. तुटलेली नसेल तर स्प्रिंग थांबू शकते.

आणि दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा, "हिचा रेट किती आणि उंची किती?" ज्याच्याकडे हे दोन आकडे नाहीत, त्याच्याकडून स्प्रिंग घेऊ नका.