बालसाहित्य पुरस्कार आणि चित्रकारांचे स्थान
बालपुस्तक लेखक आणि चित्रकार या दोघांच्या कामातून आकाराला येते; पुरस्कारांत मात्र चित्रकारांची दखल उशिरा घेतली गेली. जागतिक पातळीवरील हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार लेखकांना १९५६ पासून, तर चित्रकारांना १९६६ पासून दिला जातो.

भारतात साहित्य अकादमीने २०१० मध्ये बाल साहित्य पुरस्कार सुरू केला. २४ भाषांतील लेखकांना दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराचे स्वरूप ५० हजार रुपये आणि ताम्रपट असे आहे. मराठीतील पहिले मानकरी अनिल अवचट ठरले. त्यानंतर दिलीप प्रभावळकर (२०११), माधुरी पुरंदरे (२०१४), रत्नाकर मतकरी (२०१८), संगीता बर्वे (२०२२) आणि भारत सासणे (२०२४) आदींना हा सन्मान मिळाला. या पुरस्कारात चित्रकारांसाठी स्वतंत्र विभाग नाही.

टाटा ट्रस्टच्या उपक्रमातून २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘बिग लिटल बुक’ पुरस्काराने ही उणीव काही अंशी भरून काढली. त्यात लेखक आणि चित्रकार यांचा स्वतंत्र गौरव होतो. लेखक विभागासाठी पहिल्या वर्षी मराठीची निवड झाली आणि पुरंदरे मानकरी ठरल्या; चित्रकारांचा पुरस्कार अतनु रॉय यांना मिळाला. पुरंदरे स्वतःच्या अनेक पुस्तकांतील चित्रेही स्वतःच काढतात.