रुप्याच्या नाण्यांवरील पुटे

१९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे रुप्याच्या नाण्यांचा जो साठा हाती लागला, त्यात सुमारे १३,२५० नाणी होती. मूळची सारी क्षहरात नृपती नहपान याच्या नावाची. परंतु त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला. एका बाजूस चैत्य, दुसऱ्या बाजूस आम्हां माळवेकरांच्या परिचयाचे उज्जयिनी-चिन्ह. क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचे जे वचन गौतमी बलश्रीच्या नाशिक येथील लेखात आहे, त्याला या दोन-दोन ग्रॅम वजनाच्या इवल्याशा नाण्यांनी साक्ष दिली.

मात्र ही साक्ष मोठी नाजूक असते. नव्या ठशाखाली जुन्या राजाचे नाक, कपाळ, ग्रीक अक्षराचे एखादे टोक, एवढेच काय ते शिल्लक राहते. रेव्हरंड स्कॉट यांनी १९०८ साली या साठ्याचे विवेचन प्रसिद्ध केले. नाण्यांवरील मुखे परस्परांहून इतकी भिन्न आहेत की ती एकाच पुरुषाची नसावीत, असे त्यांना वाटले. हे मत सर्वांनी मानले असे नाही. तथापि वादाचा सारा भार नाकाच्या ठेवणीवर आणि गालाच्या चढउतारावर आहे हे ध्यानी घ्यावे. आणि नाणे घासताना सर्वांत उंच असलेले नाकच आधी झिजते.

रुपे गंजत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णतः खरा नव्हे. नाण्याच्या रुप्यात बहुधा तांब्याचा अंश असतो. ओल्या मातीत तांबे प्रथम विरघळून बाहेर येते व त्याचे हिरवे कीट वर साचते; रुपे मात्र आतून पोकळ व ठिसूळ होत जाते. माती खारट असल्यास रुप्याचेच क्लोराइड बनते. हे राखी, मेणासारखे पूट कधीकधी इतके खोल जाते की धातू आतल्या गाभ्यातच उरतो आणि अक्षरे त्या पुटातच राहतात. अशा नाण्यावर अमोनिया घातला की पूट विरघळते, आणि पुटाबरोबर राजाचे नावही! याउलट सौम्य फॉर्मिक आम्ल हिरवे कीट काढते आणि रुप्याला व त्याच्या क्लोराइडला धक्का लावीत नाही. म्हणून जाणता रसायनज्ञ प्रथम भिंगाखाली पूट कोणते हे पाहतो. द्रावणाची निवड त्यानंतर.

आपल्याकडे चिंच, राख आणि काथ्या हे त्रिकूट घरोघरी सिद्ध असते. चिंचेचे आम्ल तांब्याचे कीट काढील हे खरे, पण राखेचे कण ओरखडे पाडतात. शालेय प्रदर्शनाच्या आदल्या सायंकाळी कपाटातील जुनी नाणी लखलखीत करण्याची जी हौस असते, ती मुख्याध्यापकांनी निग्रहाने आवरावी, असे मी आमच्या व्यवसायबंधूंना सुचवीन. (सोनाराच्या तेजाबाविषयी तर बोलावयासच नको.) शेतात सापडलेला साठा दहा रुपयांहून अधिक किमतीचा असल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यास कळवावा लागतो, तो न धुता, न घासता, मडक्यासह व मडक्यातील मातीसह द्यावा.

वजनाची गोष्ट याहूनही सूक्ष्म आहे. गोव्यात जन्मलेले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तक्षशिलेची आहत नाणी एकेक करून तोलली. पाठीमागील लहान चिन्हे जितकी अधिक तितके सरासरी वजन कमी, असे त्यांना आढळले. नाणे जितके हातोहात फिरले, तितके ते झिजले. त्या झिजेवरूनच त्यांनी कालक्रम लावला. तेजाबात बुडविलेले नाणे अशा गणितास निरुपयोगी होय, कारण हाताने झिजलेले किती आणि आम्लाने खाल्लेले किती, हे कोणी सांगावे? यास्तव साफसफाईपूर्वी नाण्याचे वजन व छायाचित्र घेतात, नंतर पुन्हा वजन करतात, आणि दोन्ही आकडे नोंदवून ठेवतात.

पुटातही इतिहास असतो, याचा नाण्यांबाहेरचा एक दाखला मोहेंजोदडोचा आहे. तेथील रुप्याच्या एका भांड्याला कापडाचा तुकडा चिकटलेला होता. धातूचे क्षार धाग्यांत जिरल्यामुळेच ते चार हजारांहून अधिक वर्षे कुजले नाहीत. मुंबईस माटुंग्याच्या प्रयोगशाळेत टर्नर व गुलाटी यांनी ते तपासले, आणि धागा कापसाचा ठरला.