बुळकांडी निर्मूलन

बुळकांडी हा गाई-म्हशींना होणारा विषाणुजन्य सांसर्गिक रोग. चढा ताप, तोंडात व्रण, नाकाडोळ्यांतून स्राव आणि दुर्गंधीयुक्त पातळ हगवण ही त्याची लक्षणे; शरीरातील पाणी कमी होऊन जनावर दगावे. १८८९ मध्ये पुण्यात स्थापन होऊन पुढे मुक्तेश्वरला हलविलेल्या प्रयोगशाळेत १९२० च्या दशकात शेळीत वाढविलेल्या विषाणूची लस तयार झाली. तरीही रोग अनेक दशके टिकला, यावरून केवळ लस पुरेशी नसते हे दिसते. उद्रेकांचा शोध, जनावरांच्या ये-जा करण्यावर निर्बंध आणि अखेरीस लसीकरण थांबवून केलेली रक्ततपासणी यांची जोड मिळाल्यावरच यश आले. लस दिलेल्या जनावराच्या रक्तातही प्रतिपिंडे आढळत असल्याने, लसीकरण चालू असेपर्यंत छुपा संसर्ग ओळखणे कठीण होते. १९९५ नंतर भारतात उद्रेक झाला नाही. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त घोषित झाले.

या विषाणूचा प्रतिरक्षादृष्ट्या एकच प्रकार होता आणि लसीचे संरक्षण दीर्घकाळ टिके, म्हणून हे साधले, असा आक्षेप घेतला जातो. तो अंशतः खरा आहे. याउलट, जनावरांच्या लाळ्या खुरकूत रोगाच्या विषाणूचे सात प्रकार असून लस वारंवार टोचावी लागते. मात्र लस जितकी तोकडी, तितकी नव्या जनावरांचे विलगीकरण, गोठ्याचे निर्जंतुकीकरण व रोगाची तत्काळ वर्दी यांची गरज अधिक.