नमुन्यातील रक्त कोणाचे?

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्याच्या तांबड्या पेशींत काय बिघडते हे शोधणाऱ्याची पंचाईत इथूनच सुरू होते. हाती आलेल्या नमुन्यात मुलाच्या स्वतःच्या पेशी थोड्या, रक्तदात्यांच्याच अधिक. मग त्यांतले सुपरऑक्साइड डिसम्युटेज किंवा ग्लुटाथायोन यांसारखे अँटिऑक्सिडंट मोजले, तर तो आकडा कोणाचा? या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत मी या प्रश्नाने करतो.

आजाराचे मूळ तसे उघड आहे. हिमोग्लोबिनची बीटा साखळी पुरेशी बनत नाही. जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या पेशीतच साचतात आणि हीम व लोह मोकळे होते. हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये टार्टारिक आम्लावर दाखवलेली लोह-हायड्रोजन पेरॉक्साइडची ऑक्सिडीकरणाची करामत आता पेशीच्या आत घडते. पेशीपटलातील मेद जळतो, पेशी अकाली मरते. उपाय रक्ताचाच, पण एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह येते आणि शरीर दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम बाहेर टाकते. ट्रान्सफेरिनला पेलवेनासे झालेले लोह यकृतात, हृदयात, अंतःस्रावी ग्रंथींत शिरते. लोह काढणारी डेफेरासिरॉक्ससारखी औषधे फक्त फेरिटिन उतरवतात असे समजू नये. या मुलांचे खरे अँटिऑक्सिडंट मी त्यांनाच म्हणेन.

रक्तद्रवात ई जीवनसत्त्व कमी आणि मेद जळल्याची खूण असलेले मॅलॉनडायअल्डिहाइड जास्त, हे चित्र पुन्हा पुन्हा दिसते. सुपरऑक्साइड डिसम्युटेजसारख्या एन्झाइमांचे तसे नाही. कुठे ती वाढलेली, कुठे घटलेली. आणि दोन्ही निष्कर्षांना तयार स्पष्टीकरण असते, हे जरा संशयास्पदच! वाढले तर ‘शरीराचा प्रतिकार’, घटले तर ‘साठा संपला’.

‘कमी आहे, तर देऊन टाका’ हा मोहही आवरावा. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या साठलेले लोह हलवतात. लोह काढणारे औषध चालू नसताना त्या हृदयाला घातक ठरू शकतात. पालक हे विचारतातच, तेव्हा उत्तर तयार असू द्या.

नमुना शक्यतो रक्त चढवण्याच्या आधी घ्या. मागचे रक्त कधी चढवले, लोह काढणारे औषध कोणते व किती, प्लीहा काढली आहे का, हे त्याच दिवशी टिपून ठेवा. पुढची प्रकरणे या नोंदींशिवाय वाचता येणार नाहीत.