लक्ष्मणराव किर्लोस्कर : कारखाना मोडला, पण माणसं सोडून गेली नाहीत!

अंबरनाथजवळच्या बुवापाडा भागात आणि आसपासच्या पाड्यांवर कितीतरी घरांची चूल एमआयडीसीच्या पगारावर पेटते. मालक चांगला भेटला तर कामगाराचं घर उभं राहतं, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. अशाच एका मालकाची ही माहिती. नांगराला आणि पंपाला ज्यांचं नाव लागलं, ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

जन्म आणि शिक्षण
लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथे झाला. शाळेत मन रमेना. ओढ दोनच गोष्टींची, चित्रं आणि यंत्रं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते चित्रकला शिकायला गेले, पण काही रंग डोळ्यांना नीट ओळखू येत नाहीत असं निघालं. चित्रकला सोडावी लागली. मग ते यंत्रांची ड्रॉइंग शिकले आणि मुंबईतच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तिथे त्यांच्या हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरीला रामराम ठोकला.

सायकल ते नांगर
थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासोबत बेळगावात सायकलचं दुकान होतं. त्या काळी एक सायकल ७०० ते १००० रुपयांना जायची आणि ती चालवायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे. पुढे त्यांनी कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवायला घेतला. पण लोखंडानं जमिनीला विष चढतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली! तरी त्यांनी नांगर सोडला नाही.

कारखाना मोडला
बेळगाव नगरपालिकेला नवीन वस्तीसाठी जागा हवी होती, म्हणून कारखाना हलवायची पाळी आली. हातात दुसरी जागा नव्हती. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जागा दिली, वर कर्जही दिलं. जागा कसली, नुसतं माळरान. निवडुंग माजलेला आणि सापांचा सुळसुळाट.

१९१० मध्ये सुमारे २५ कामगार बायकापोरांसह या माळावर आले. मालक आणि कामगार दोघांनी मिळून निवडुंग काढला, निवारा उभारला आणि भट्टी पेटवली. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. पुढे रेल्वे स्टेशनलाही हेच नाव मिळालं.

माणसाची पारख
लक्ष्मणराव सर्टिफिकेट बघून माणूस जोखत नसत. शाळा सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्याकडे कल्पक इंजिनिअर झाले. शिक्षणात मागे पडलेले के. के. कुलकर्णी कारखान्याची अडली कामं सोडवणारे मॅनेजर झाले. कारकून मंगेशराव रेगे यांच्याकडे पुढे सगळा हिशेब आला. यंत्रांची बाजू शंभूराव जांभेकर यांनी सांभाळली आणि वाडीची आखणी रामूअण्णांनी.

सगळ्यात मोठी गोष्ट पुढेच आहे. तुरुंगातून सुटून आलेल्यांना गावात कोणी उभं करत नाही. लक्ष्मणरावांनी अशा माणसांनाच रात्रीच्या राखणीला ठेवलं. ज्याच्यावर चोरीचा शिक्का, त्याच्याच भरवशावर कारखाना! वाडीत अस्पृश्यता पाळायला त्यांनी बंदी केली होती, तीही शंभर वर्षांपूर्वी.

पुढचा काळ
किर्लोस्करवाडीत नांगरासोबत उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं आणि १९२६ पासून सेंट्रिफ्युगल पंप तयार होऊ लागले. चिरंजीव शंतनुरावांनी हा उद्योग पुढे खूप वाढवला. लक्ष्मणरावांचं निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झालं. त्यांच्या जन्मशताब्दीला, म्हणजे २० जून १९६९ रोजी, भारत सरकारनं टपाल तिकीट काढलं.

आज यातून काय घ्यायचं?
माळावर आलेल्या त्या माणसांना मालकाकडे पैसा नाही, हे दिसत होतं. तरीही ती आली. कारण चांगल्या दिवसांत मालकानं त्यांना हलकं लेखलं नव्हतं. निष्ठा पगारातून कापून घेता येत नाही, ती आधी मालकानं द्यायची असते.

आता ठेकेदारीचा जमाना आहे. असा मालक प्रत्येकाला भेटेलच असं नाही. म्हणून कामावर जाणाऱ्यानं नेमणूक पत्र, पगाराची स्लिप, पीएफचा यूएएन नंबर आणि ईएसआयसी कार्ड जपून ठेवावं. आणि ज्याच्या हाताखाली चार माणसं आहेत, मग ते वर्कशॉप असो की शेतावरची मजुरी, त्यानं किर्लोस्करवाडीचा तो माळ एकदा आठवावा.