कॅनबेराच्या पोटातील पोकळी

१/ युद्धकथांत वैमानिक असतात, शस्त्रे असतात, शत्रू असतो. पुण्याच्या लोहगाव तळावरील एका बॉम्बफेकी विमानाच्या इतिहासात मात्र आणखी एक पात्र आहे: त्याच्या पोटातील रिकामी जागा. #इतिहास

२/ हे विमान म्हणजे ब्रिटिश बनावटीचे कॅनबेरा. त्याचे पहिले उड्डाण १३ मे १९४९ रोजी झाले. १९५७ मध्ये ते भारतीय हवाई दलात येऊ लागले. पुढे ३५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची कॅनबेरा विमाने लोहगावहून उडत. १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत भारतीय कॅनबेरा लढली.

३/ बॉम्ब पोटातील कप्प्यात असत. लक्ष्याजवळ कप्प्याची दारे उघडली, की वेगवान हवा त्या पोकळीवरून वाहू लागे. विमान स्थिर राहणे सर्वाधिक आवश्यक असे, नेमके तेव्हाच आतला दाब झपाट्याने वर-खाली होऊन हादरे बसण्याचा धोका असे.

४/ असे का घडते? पोकळीच्या पुढच्या कडेवरून सुटलेल्या हवेत भोवरे तयार होतात आणि वाहत जाऊन मागच्या कडेवर आदळतात. त्या आघाताची दाबलहर पोकळीतून उलट पुढे येते व पुढच्या कडेशी नवा भोवरा उठवते. हे चक्र ठरावीक लयीत चालते. बासरीच्या मुखरंध्रावर फुंकर घालताच उमटणारा स्वर याच कुळातला.

५/ १९५५ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत के. कृष्णमूर्ती या भारतीय संशोधकाने अशा खाचांतून निघणाऱ्या तीव्र ध्वनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९६४ मध्ये फार्नबरोच्या रॉसिटर यांनी या कंपनांची वारंवारता सांगणारे सूत्र मांडले. कॅनबेराच्याच बॉम्बकप्प्याची प्रतिकृती वातबोगद्यात ठेवून त्यांनी कर्न यांच्यासह दाबाची मोजमापेही घेतली होती.

६/ अमेरिकेत मार्टिन कंपनीने परवान्याने हेच विमान ‘बी-५७’ नावाने बांधले, पण दार बदलले. बॉम्ब दाराच्याच आतल्या बाजूस अडकवलेले. संपूर्ण दार फिरून ते बाहेर येत. पोकळी उघडी राहतच नसे.

७/ ही बी-५७ विमाने पाकिस्तानला मिळाली. म्हणजे १९६५ मध्ये एकाच आराखड्याची दोन भावंडे परस्परांविरुद्ध लढली, आणि एकाच प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे पोटाशी घेऊन लढली.

८/ ११ मे २००७ रोजी भारतीय कॅनबेरा निवृत्त झाले. प्रश्न मात्र निवृत्त झाला नाही. रडारपासून लपण्यासाठी आजची लढाऊ विमाने शस्त्रे पुन्हा पोटात घेतात, आणि त्यांच्या अभियंत्यांना रॉसिटरचे सूत्र आजही उघडावे लागते.